शिवणीतली माया

मला नकाशे रंगवायला बसवलं तेव्हा कचेरीत संगणक नव्हता.
पिवळा राहण्याचा, निळा दुकानांचा, जांभळा कारखान्यांचा,
हिरवा कुणाचाच नाही,
म्हणून रोज कुणीतरी मागायला यायचं.
साहेब म्हणायचे, कुदळेबाई,
रंग रेषेबाहेर जाता कामा नये.
गेला की तिथं इमारत उगवते.

तीस वर्षं मी रेषेच्या आत राहिले.

आज सुनावणी आहे, कलम सदतीस,
आणि मी टेबलाच्या दुसऱ्या अंगाला,
हरकत क्रमांक सत्तावीस.
उंड्रीच्या वरच्या बाजूला आमची वसाहत,
मंजूर आराखड्यात मधोमध मैदान,
ते बघूनच आम्ही घरं घेतली.

वास्तुविशारद तरुण आहे, अदबीनं बोलतो.
पडद्यावर बोट टेकवतो,
मैदान मधून उचलतो
आणि टेकडीच्या कडेला नेऊन ठेवतो.
"क्षेत्रफळ तेवढंच आहे, मॅडम.
एक चौरस मीटरही कमी नाही."

खरंय. मी मोजलं.
मधे सोळाशे चाळीस होते, कडेलाही सोळाशे चाळीस भरतात.
नकाशा वरून बघतो, वरून उतार दिसत नाही.
फक्त चेंडू थांबणार नाही तिथं.
फक्त वॉकर घेऊन निघालेले डिसूझा सर
अर्ध्यातून माघारी येतील.

"शहर वाढतं," तो म्हणतो, "आराखडा लवचिक हवा."
आणि मला मान हलवावी लागते,
कारण मला रोशनबी तांबोळी आठवते.
पार्किंगच्या कोपऱ्यात दोन शेगड्या,
पोळी-भाजी, दुपारी बारा ते तीन.
तक्रार आली. निवासी वापरात बदल.
जागेचा कच्चा नकाशा मीच काढला,
चार फूट बाय सहा,
टोकदार पेन्सिलीनं.
तिनं विचारलं, बाई, आमचा रंग कोणता?
म्हटलं, पिवळा.
मग माझा तवा कुठल्या रंगात बसतो?

उत्तर नियमावलीत नव्हतं. मी फाईल बांधली.
त्याच इमारतीत आता खाली बँक आहे,
वर दातांचा दवाखाना.
रंग बदलला की. तिच्यासाठी नाही बदलला.

माझी आई रास्ता पेठेत परकर-पोलकी शिवायची.
कापड बेतताना
शिवणीच्या आत बोटभर जास्त सोडायची.
त्याला ती माया म्हणायची.
पोर वाढते गं,
उद्या शिवण उसवून मोकळं करता आलं पाहिजे.
पण आधी बेत, मग माया.
नुसतीच माया ठेवली तर पोलकं होत नाही, गोणपाट होतं.
आणि एकीच्या कापडातली माया काढून
दुसरीच्या बाहीला लावायची नाही,
ती चोरी.

"तुमचं म्हणणं थोडक्यात सांगा," अधिकारी घड्याळ बघतात.
मी सांगते:
तळमजल्यावर शिंपी बसू दे, पोळीवाली बसू दे,
शाळेच्या आवारात रविवारी भाजीबाजार भरू दे,
त्यासाठी कुणाला माझ्यासारखीनं
पेन्सिल घेऊन मोजायला जाऊ नये.
मैदान मात्र आहे तिथंच.
ते कापड आहे, माया नाही.

लेखनिक थांबतो. "माया... म्हणजे कसं लिहू?"
"तसंच लिहा."
तो लिहितो: हरकत नोंदवली.
निकाल पंधरा दिवसांत, म्हणाले.
कचेरीचे पंधरा दिवस मला ठाऊक आहेत.

जिन्यात तो तरुण मागून येतो.
"मॅडम, तुमच्या आई माया नक्की किती ठेवायच्या?"
"सांगितलं ना. बोटभर."

तो उजव्या हाताचं बोट डोळ्यांसमोर धरतो,
मघाशी मैदान उचललेलं.
लिफ्ट येते. तो चढत नाही.