कपाट क्रमांक चार

तीस एप्रिलला सामान मोजून द्यायचं असतं.
मुकुट दोन, पैकी एकाचं टोक मोडकं.
दाढ्या चार.
मिशा सात होत्या, सहा आहेत.
सातवी पहिल्याच अंकात गळून पडली
आणि सेनापती यशार्थ ती बुटाखाली दाबून
अख्खा प्रवेश एका पायावर जोर देत उभा राहिला.
लोकांना वाटलं, जखमी आहे.
टाळ्या पडल्या.
मी रजिस्टरात लिहिते:
मिशी, नग एक, कामी आली.

लश्करातल्या ह्या शाळेत एकवीस वर्षं
मी शिकवते हिंदीत, रागावते मराठीत.
मुलांना ऋतू कळावा तसं कळतं,
मॅडम मराठीत शिरल्या, आता गप बसा.

'वर्ष कसे गेले' ह्या रकान्यात
प्राचार्यांना तीन ओळी हव्यात.
पहिली: नाटक वेळेवर सुरू झालं नाही.
दुसरी: वेळेवर संपलंही नाही.
तिसरीत लोकेंद्र सिकरवार मावत नाही.

तो अडखळतो.
हजेरीला 'उपस्थित' म्हणताना 'उ'पाशीच थांबतो,
फाटक पडल्यावर सायकलवाला थांबतो तसा,
एक पाय जमिनीवर टेकून.
म्हणून मी त्याला विंगेत बसवलं, हातात वही देऊन,
दयाळूपणे.
(हा शब्द आज खोडला.)

त्या रात्री दुसऱ्या अंकात लाईट गेली.
जनरेटर दोनदा खोकला.
आठवीतला आमचा राजा, ज्यानं आपली झोप विकलेली असते,
अंधारात वाक्य विसरला,
राणी रडायच्या बेतात,
आणि विंगेतून आवाज आला,
सलग, कुठेही गाठ नसलेला.
राजाचं बोलला, राणीचं बोलला, पहारेकऱ्याचं,
कुत्र्याचं भुंकणंसुद्धा सोडलं नाही.
अकरा मिनिटं.
पालक मोबाईलचे दिवे लावायचे विसरले.
लाईट आली तेव्हा तो पुढच्याच 'अ'वर अडकला
आणि हसला.

आज कपाटाच्या तळाशी ती वही सापडली.
वाक्यांच्या मधे पेन्सिलीची टिंबं,
आणि समासात, बारीक अक्षरात:
"यहाँ मैडम साँस लेती हैं।"
पानोपानी.
ह्याआधी माझे श्वास फक्त डॉक्टर घाटपांड्यांनी मोजले होते,
तेही फी घेऊन.

गुरुवारी तो दाखला न्यायला आला. वडील रेल्वेत, बदली बीनाला.
मी विचारलं, तिथल्या शाळेत नाटक होतं का?
तो म्हणाला, "प..."
एरवी मीच म्हटलं असतं, पता नहीं ना? बरं, जा.
तीन वर्षं मी असं त्याला प्रॉम्प्ट करत आले,
विंगेत तो होता असं आपलं समजत.
ह्या वेळी थांबले.
खिडकीवरचं कबूतर उडालं, दुसरं येऊन बसलं.
"पूछूँगा," तो म्हणाला.

सुट्टीचं म्हणाल तर
सांगलीची बहीण बोलावते, तिकडे भाजून निघशील म्हणते.
नाही जाणार.
कूलरला खसाची नवी ताटी लावून घेईन,
मखमली पडदा गच्चीवर उन्हात टाकीन,
ढेकूण मरतील, थोडा रंगही मरेल.
दुपारी झोपेन. विकणार नाही.
नवं नाटक लिहायला घेईन, पण त्यात
अडखळणारा मुलगा नसेल.
भूमिका ही भरपाई म्हणून द्यायची चीज नाही,
हे मला एकविसाव्या वर्षी कळलं, चला, कळलं तरी.
आणि सवय लावून घेईन,
समोरच्याचं वाक्य त्याच्याच तोंडून संपू द्यायची.
भाजीवालीचं. बहिणीचं तर फारच अवघड.

वही रजिस्टरात चढवली नाही.
पिशवीत टाकली, डब्याखाली.

मातादीन कुलूप लावतो आहे,
बाहेर लू सुटली आहे, किल्ली फिरत नाही.
"मैडम, अगले साल..." म्हणतो
आणि दातओठ खाऊन किल्लीशी झगडत राहतो.
माझ्या जिभेवर त्याचं उरलेलं वाक्य तयार आहे.
मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेते.