हेलियम

पहिल्या हिवाळ्यात साध्या डिस्क मेल्या,
आठवड्यात एकोणीस.
पाच हजार मीटरवर हवाच विरळ
आणि त्यांचं वाचणारं बोट तरंगतं हवेवर,
तबकडीच्या इतकं जवळ
की एका केसाचे वीस हजार पापुद्रे काढावेत
आणि त्यातला एकच मध्ये ठेवावा.
हवा कमी पडली की बोट टेकतं.
मग खरवड ऐकू येते,
परातीत खडा घासल्यासारखी.

नंतर सान्तियागोहून नव्या आल्या, झाकणबंद,
आत हेलियम.
जत्रेतल्या फुग्यातला वायू, पण ह्या जड,
तळहातावर थंडगार विटेसारख्या.
आपली हवा घरूनच बांधून आणलेल्या.
बाहेर केवढी उंची आहे
हे त्यांच्या गावीही नाही.

मी नाकात नळी घालून कपाटांमधून हिंडते.
सेकंदाला एकशेवीस गिरक्या, दिवसरात्र,
आणि वर दुर्बिणी ओततायत
कुठल्यातरी विझलेल्या ताऱ्याची कुजबूज.
भरलेल्या डिस्क मी चालू यंत्रातूनच उपसते,
रिकाम्या बसवते. कुणाला पत्ता लागत नाही.
विल्फ्रेदो तिन्ते त्या फोमच्या पेटीत घालून
कालामाला नेतो, वळणावळणांवर शिव्या देत.
म्हणतो, तुमच्या केबलपेक्षा माझा ट्रक वेगवान.
हिशेब केला. खरंच आहे.

प्रत्येक डिस्कला दोन पोर्ट.
एका बाजूचा कंट्रोलर गेला
तरी दुसऱ्या वाटेनं काम चालू.
शिकवायला आलेली बाई फळ्यावर बाण काढत म्हणाली,
महत्त्वाच्या कुठल्याच गोष्टीला
एकच रस्ता नसावा.
मी ते वहीत उतरवून घेतलं.

आमच्या गावाला एकच रस्ता.
फेब्रुवारीत ओढा फुगतो, तो तुटतो.

बाबा, एलेउतेरियो कोल्के,
ह्याच डोंगराच्या मागे गंधक खणायचे,
नळी नाही, सिलिंडर नाही,
गालात कोकाची पानं आणि डोक्यावर लोकरी टोपी.
म्हातारपणी त्यांच्या छातीत तो आवाज होता.
परातीतला.
मी नोकरीला लागले तेव्हा विचारलं त्यांनी,
तिथे काय खणतेस?
मी म्हटलं, काही नाही बाबा, राखण करते.
कुणाची?
आकड्यांची.
ते बराच वेळ हसले, मग बराच वेळ खोकले.

इथे एक नियम आहे, दारावरच लिहिलाय:
आत ओरडू नये.
धक्का बसला की बोट रेघेवरून ढळतं,
पुन्हा जागेवर येईस्तोवर तबकडी
आणखी एक फेरा मारते,
आणि एका फेऱ्याला इथे
फार उशीर म्हणतात.

फोन आला तेव्हा पहाटेचे तीन वाजून बारा मिनिटं.
पोंसियानो मामा. रेघ खरखरत होती.
रस्ता बंद आहे, येऊ नकोस, म्हणाले.
उद्या दुपारी पुरू, ऊन आहे तोवर.
मी दाराकडे निघाले होते,
खरंच निघाले होते बाहेर.
पाच पावलं उरली होती.

सोमवारी सान्तियागोहून विचारणा झाली.
चौथ्या कपाटातल्या साठ डिस्क
एकाच क्षणी अडखळलेल्या,
आलेखावर सुळक्यासारखा उंचवटा.
भूकंप म्हणावा तर कुठेच नोंद नाही.
कारण लिहा.

मूठ अजून सुजलेली होती.
डाव्या हातानं टाइप केलं:
दार आपटलं.