मुक्कामी

भरमाणी बिर्जे, वय एकसष्ट, राहणार खानापूर.
डाव्या मनगटाच्या आत रुपयाएवढा काळसर डाग.
कागदावर एवढंच.
बाकी त्यांनीच सांगितलं, बाकावर बसून, टोपी मांडीवर:
"गोळी घेतली की उठतंय बघा.
चार वर्षांमागं घेतली, उठलं. औंदा घेतली, उठलं.
पाठीला न्हाई, ह्या हाताला न्हाई. हितंच.
ह्याला जागा कशी कळूलंय, बाई?"

मला वेळ नव्हता.
तिळाएवढा तुकडा मेणात बसवला,
केसाहून पातळ चिरला, रंगात बुडवला,
आणि कॅम्पातल्या चर्चची घंटा वाजून गेल्यावर
भिंगाला डोळा लावला, तर बसले होते ते,
तपकिरी ठिपके,
कातडीच्या वरच्या थरात, विटांच्या फटीत अंग चोरून.

रक्तातल्या पेशी म्हणजे बसस्थानकावरच्या गाड्या,
हुक्केरी, गोकाक, सौंदत्ती, पुन्हा हुक्केरी.
हे तसले नव्हेत.
हे कधीतरी एका लढाईला आले.
लढाई सरली, बहुतेक मेले,
यांनी परतीचं तिकीट काढलं नाही.
शेजारच्या पेशीला आकडा घातला
आणि एकच चेहरा ध्यानात ठेवून राहिले.

माझ्या ओठाच्या कोपऱ्यातही असतील.
पाचवीत असताना पहिल्यांदा जर आला होता, आईने तूप लावलं होतं.
तो विषाणू अजून नसेत झोपलेला आहे,
अधूनमधून डोकं काढतो.
रक्तातली कुमक पोचायला दिवस जातात,
हे पहिल्याच घटकेला बोंब ठोकतात
आणि आजूबाजूची घरं कड्या लावून घेतात.
मी तेव्हा चहा पीत असते,
ओठ चुरचुरल्याचंसुद्धा कळत नाही.

बोंब कुठल्या भाषेत, ते विचारू नका.
इथे दुकानाच्या प्रत्येक पाटीला तो प्रश्न विचारून झालाय.
त्यांच्या दारावर पाटीच नाही.

मंगळवारी बिर्जे रिपोर्ट न्यायला आले.
मी म्हटलं, राखणदार आहेत, मामा. चुकतात.
ती गोळी अंगात आली की त्यांना वाटतं, तोच आला.
मग आपल्याच कातडीवर तुटून पडतात.

ते बराच वेळ मनगट बघत राहिले.
"कौलांचा कारखाना बंद पडला," म्हणाले,
"तवा सगळी गोव्याला गेली. मी ऱ्हायलो.
पगार दोन वर्षं आला, मग न्हाई आला.
भट्टीचं लोखंड न्यायला चोर येत्यात, त्यांची चाल वळखतो मी.
एकदा रात्री भिंतीवर एक चढला.
तसलीच चाल. घातली काठी.
मालकाचा पोरगा होता.
बापाची खुर्ची बघायला आल्ता."

पंखा फिरत होता.
त्या पोराचं काय झालं, मी विचारलं नाही.

"मग ह्यास्नी काढून टाकायचं काय?"
नाही, मी म्हटलं. गोळी बदला. तिचं नाव लिहून देते,
कुठल्याही दवाखान्यात आधी हा कागद दाखवा.
"आणि हे?"
राहतील तिथेच.
"ऱ्हाऊ देत."

कागदाची चार घड्यांची चौकट टोपीत ठेवली,
टोपी डोक्यावर.
खानापूरची गाडी पाच दहाला होती.
दिवे लागायच्या आत
फाटकावर पोचायचं होतं त्यांना.