केर्त्तूच्या देशाची हद्द

देश काढायची कल्पना तिची.
मी फक्त कारकून होते, तेव्हाही.

सत्तेचाळीस सालचा हिवाळा. पाइनच्या रानात
क्षयरोग्यांचं इस्पितळ.
उणे पंधरा अंशांत आमच्या खाटा दुपारभर गच्चीवर,
मेंढीच्या कातड्याच्या पिशव्यांत आम्ही गळ्यापर्यंत.
बोलायचं नाही, हसायचं नाही,
खोकला आला तर गिळायचा –
सिस्टर हेल्वीचा नियम.

केर्त्तू कारेलियाची. घर दोनदा सोडलेलं,
दुसऱ्यांदा चालत, गाईचं दावं मनगटाला बांधून.
ओठ न हलवता म्हणाली, "या खेपेला बेट घेऊ.
चारही बाजूंना पाणी.
शेजारीच नकोत."

आता किनारा कुठून आणायचा?
डॉक्टर रांतानेन खिडकीशी फिल्म धरायचे:
काळाभोर समुद्र, आणि वरच्या अंगाला
पांढुरका, कडा कुरतडलेला एक डाग.
तापाच्या तक्त्यामागे तिनं तो गिरवला,
उत्तरेचं टोक जरा वाकडं, जसं होतं तसंच.
फासळ्यांचे अक्षांश झाले. ते आयतेच मिळाले.

राजधानी वेस्कोर.
(औषधाच्या बाटलीवरचं अर्धं फाटलेलं लेबल.)
चलन साखरेचे खडे, कारण तेवढंच रेशनवर मिळायचं.
अकरा राण्या होऊन गेल्या; सातवी घोरायची, म्हणून पदच्युत.
दीपगृहवाल्यांचा संप, हेरिंगचा दुष्काळ,
कठड्यावरून पाव पळवणारा कावळा – सेनापती.
घटनेचं पहिलं कलम तिनं स्वतः लिहिलं:
कुणालाही सामान बांधायला सांगता येणार नाही.

माझ्याही छातीत दोन खडक होते, चिमुकले.
ती म्हणाली, ते आमचे.
मी देऊन टाकले. तहावर आयोडीनने सही.

फेब्रुवारीत नवं द्वीपकल्प निघालं.
मी राजपत्रात नोंदवलं: समुद्र हटला,
पंधरा हजार एकर जमीन, सुपीक.
एप्रिलमध्ये दक्षिणेची बेटं मुख्य भूमीला जोडली गेली.
सुट्टी जाहीर केली. जनतेला,
म्हणजे एकमेकींना,
एकेक खडा साखर.

कळत नव्हतं असं नाही.
एकोणीस वर्षांच्या होतो, मूर्ख नव्हतो.
पण देश वाढतोय म्हटल्यावर
नागरिकानं तोंड पाडून बसायचं कसं?

जूनमध्ये माझे खडक बुडाले.
डॉक्टरांनी हात हातात घेतला, घरी पत्र लिही म्हणाले.
मी आठवडाभर बातमी दडवली,
लढाई हरलेला वकील दरबाराबाहेर घुटमळतो तशी.
तिला माहीत होतं.
"भरती असेल," म्हणाली. "ओहोटीला दिसतील."

ऑगस्टात अक्षांशसुद्धा दिसेनात.
सगळी जमीनच जमीन.
तिनं नकाशा जवळ ओढला, बराच वेळ पाहिला.
"एवढा मोठा देश, ऐला,
आणि बंदर एकही नाही."
मी एक काढलं, हृदयाच्या बाजूला,
पेन्सिल चावत, खोल पाण्याचं.
"रुंद कर," म्हणाली. "गाय बोटीत चढली पाहिजे."

पुढल्या महिन्यात तिच्या खाटेवर
कोत्काची एक शिक्षिका आली. तिला पत्ते खेळायचे होते.

मी छत्तीस वर्षं जकात कचेरीत काढली.
जहाज, झेंडा, निघाल्याचं ठिकाण, माल;
रकान्याबाहेर एक अक्षर नाही.
निवृत्तीच्या दिवशी फक्त एक जादा ओळ भरली:
वेस्कोरहून. साखर, एक खडा. जकात माफ.
कुणी तपासली नाही अजून.

परवा नव्या डॉक्टरनं पडद्यावर बोट ठेवलं.
पोरसवदा मुलगा, कानात बाळी.
"हे दोन ठिपके जुने आहेत, चुन्याचे.
काही करत नाहीत. राहू देत."
मी विचारलं, "आत्ता ओहोटी आहे का?"
तो टाइप करत राहिला.