अनुसूची

फॉर्मवर तिसऱ्या विषयाच्या रकान्यात
मी मानवशास्त्र लिहिलं.
गोळीबार चौकातल्या आमच्या गल्लीत
तो शब्द कोणी ऐकलेला नव्हता.
समोरच्या यमुताईंनी विचारलं, "त्यात काय शिकवतेत वो?"
मी म्हटलं, माणसं.
"मानसं? मंग कालेजात काहून जाऊन राहिली?
इथंच बस न ओट्यावर."

पहिल्या वर्षी आम्ही एकमेकींची डोकी मोजली.
कॅलिपरचे वाकडे पाय कानशिलाला लागले की
गार वाटतं, आणि हसू येतं.
चंद्रकला कुमरेचं डोकं माझ्याहून चार मिलिमीटर रुंद.
जर्नलमध्ये लिहिलं. बोरीकर मॅडमनी सही केली,
आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाल्या,
या आकड्यांवरून लोकांनी लोकांची लायकी ठरवलीय.
तेव्हा मोजायला शिका,
आणि मोजून काय निघत नाही, तेही.
परीक्षेत हे आलं नाही.

एका शनिवारी अजब बंगला. काचेमागे एक फणी.
चिठ्ठीवर: फणी, लाकडी.
चंद्रकला म्हणाली, अशीच माझ्या आत्याकडं आहे,
तिचे दोन दात तुटलेत, ती उवांसाठी वापरते.
रखवालदार ओरडला, काचेला हात नको.
तिनं हात लावला नव्हता.
तिचा श्वास लागला होता.

तिसऱ्या वर्षी देवलापारच्या पुढं आठ दिवस,
शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या,
आणि प्रत्येकीजवळ सेहेचाळीस प्रश्नांची अनुसूची.
कुळाचा देव कोणता? मांडवाला कुठल्या झाडाची डहाळी?
मयत पुरता की जाळता?
सुकरूबाबा एकेक उत्तर
तंबाखूसारखं मळून मळून द्यायचे.
मधेच विचारायचे, "अन् तुमच्यात?"
मी म्हणायचे, आमचं राहू द्या बाबा, तुमचं सांगा.
खरं म्हणजे मला येत नव्हतं.

मार्चात, एका मंगळवारी,
माझ्याच दाखल्याच्या पडताळणीला अधिकारी आले.
खुर्ची दिली. पंखा त्यांच्याकडं वळवला.
जिथं माग होता त्या खड्ड्यावर आता फरशी आहे,
त्याच फरशीवर बाबा मांडी घालून बसले,
शाळेत बसल्यासारखे.
कुळाचा देव कोणता?
मांडवाला कुठल्या झाडाची डहाळी?
मयत?
क्रमसुद्धा तोच.

मला दिसत होतं, प्रश्नातच उत्तर सुचवलं जातंय,
उत्तरानंतर थांबायचं असतं, ते थांबत नाहीत.
पाठ्यपुस्तकात ज्याला खरं उत्तर म्हणतात
तेही मला माहीत होतं, डाव्या पानावर, खालून तिसरी ओळ.
बाबा माझ्याकडं पाहत होते.
मी पंख्याकडं पाहिलं.
"मले नाही मालूम साहेब," बाबा म्हणाले,
"एकतीस वर्षं माग चालवला. सुताचा नंबर विचारा,
अंधारात हात लावून सांगतो."
अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहिलं.
उलट्या बाजूनं मला एवढंच वाचता आलं: माहिती नाही.

पाणी पिताना त्यांनी विचारलं, काय शिकतेस?
मानवशास्त्र.
त्यांचा चेहरा उजळला. "अरे! मीही.
याच विद्यापीठात. बोरीकर मॅडम आहेत का अजून?"
आहेत.
"कॅलिपर तोच का, डावा पाय ढिला असलेला?"
तोच.
आम्ही दोघं हसलो, बाबाही हसले, कशाला ते न कळता.
मग त्यांनी पेला खाली ठेवला
आणि सत्तावीस नंबरचा प्रश्न विचारला.

ते गेल्यावर बाबा बराच वेळ फरशीवरच होते.
"बराबर सांगतलं न वो मी?"

वही मिटताना सुकरूबाबांनीही हेच विचारलं होतं.
त्यांना मी म्हटलं होतं, यात बरोबर-चूक असं काही नसतं बाबा.

मी पेला उचलला.
म्हटलं, चहा ठेवते.