बासष्ट

फेब्रुवारीत एकदा, सप्टेंबरात एकदा
प्रयोगशाळेची पेटी घेऊन मी मेनेत्रूची चढण चढतो
आणि सोलांज व्हुइयेच्या तळघरात उतरतो.
तळघर म्हणायचं; खिडकी बारा महिने उघडी.
हिवाळा आत येऊन बसतो, ऑगस्टात भिंती तापतात.
इतरत्र वाइनला तळहातावर जपतात.
ही म्हणते, सोसू दे. सोसल्याशिवाय अंगी लागत नाही.

एकतीस पिंपं. सगळ्यांवर ओव्हीदच्या हातचे खडूचे आकडे.
चाराला त्याने शेपूट काढलंय,
एकोणिसातला नऊ पडायला आल्यासारखा.

दुसऱ्या गावांत पिंप घटलं
की झारी घेऊन धावतात, काठोकाठ भरतात.
इथे जुरामध्ये घटू द्यायचं.
लाकूड पितं, वारा पितो,
आणि वर मोकळ्या झालेल्या जागेत
साव्हान्यांच्या पिवळ्या पाण्यावर
एक राखाडी पापुद्रा धरतो, नखाहून पातळ.
मी अहवालात यीस्ट लिहितो.
सोलांज साय म्हणते. तिच्या माहेरी सात गाई होत्या.

साय मोडायची नाही.
म्हणून मी खालच्या तोटीतून घेतो, अंगठ्याएवढ्या बाटल्यांत,
श्वास धरून, जणू पाळण्याखाली वाकलोय.
ती मागे मागे येते, पेरांनी पिंप वाजवत,
बाजारात कलिंगड वाजवतात तसं.
उत्तर ऐकते. मला सांगत नाही.

एकोणीस ओव्हीदने भरलं ते शेवटचं.
दंव पडायला लागलेलं, वेचणारे घरी गेलेले,
तो एकटाच वरच्या निळ्या मातीतून दोन पाट्या घेऊन आला होता.
मार्चमध्ये गेला.
पिंपाला सहा वर्षं पुरी व्हायला एकच हिवाळा राहिला होता.

कागद माझ्या खिशात होता.
जिन्यावर मी तीनदा वाक्य जुळवलं:
बाई, आंबटपणा वाढलाय.
बाई, यंदा हवाच तशी होती.
तिसरं वाक्य नुसतं खोकणं निघालं.

तिने तोटी सोडली, पेल्यात बोटभर घेतलं,
तोंडात फिरवून गटारीत थुंकलं.
‘गेलं हे. व्हिनेगर करू, काकडीला बरं.’
मी कागद बाहेर काढला तर म्हणाली,
‘सप्टेंबरातच गेलं होतं.
तू आकडा कमी लिहिलास.’

मी पेटीचं कुलूप लावत बसलो. ते लागत नव्हतं.

वर स्वयंपाकघरात तिने बाटली काढली,
बसकी, रुंद खांद्यांची, थकून बसलेल्या हमालासारखी.
बासष्ट सेंटिलिटर.
लिटरभर आत घालावं, सहा हिवाळ्यांनी एवढंच हाती येतं,
म्हणून बाटलीच तेवढी.
उरलेले अडतीस कुठे जातात, प्रवासी विचारतात.
देवदूत पितात असं सांगायची पद्धत आहे.
सोलांज त्यांना खाली नेऊन छत दाखवते,
काळ्या बुरशीने मखमल झालेलं.
‘हे बघा देवदूत,’ म्हणते. ‘जिना निसरडा आहे, जपून.’

मला गाडी चालवायची होती, एकच घोट घेतला.
आधी अक्रोड. मग भाजल्या मेथ्या.
मग मीठ, कुठून आलं कोण जाणे, समुद्र इथून किती लांब.
मग काहीच नाही.
वाटलं, संपलं.

तिने चीज कापलं, उरलेला तुकडा फडक्यात बांधला,
नातवाला फोन लावून पिंप रिकामं करायला बोलावलं
आणि घोडचूक करणाऱ्या पोराला सांगावं तसं मला सांगितलं,
‘पुढच्या वेळी खरं लिही. मला जीभ आहे.’

टेकडी उतरताना चार वळणं लागतात.
तिसऱ्यावर मेथी परत आली.
पुढच्या दाराची घंटा वाजवली
तेव्हा अजून होती.