परीक्षार्थीशी नाते

पत्र आलं सोमवारी. तीन पानं, नियम सत्तावीस.
खोली शांत हवी. टेबल एक. भिंतीवर घड्याळ, बरोबर चालणारं.
आमचं सतरा मिनिटं मागे; शिडी आणून लावलं.
पर्यवेक्षक परीक्षार्थीचा नातलग नसावा,
मित्र नसावा, शेजारी नसावा, देणेकरी नसावा.
एवढं सगळं नसलेलं माणूस
ग्वाल्हेरात कुठून आणायचं, भगवती म्हणाली,
तेव्हा तुमची आठवण झाली, दीदी.

शाळेने नाही म्हटलं होतं: सुट्ट्या, चौकीदार गावी.
फालका बाजारातलं कंप्युटर सेंटर तासाला चारशे मागत होतं,
आणि त्याच्या खालीच बँडवाल्यांचं दुकान.
बँकेचे मॅनेजर म्हणाले, सही देतो, बसायला वेळ नाही.
तिचं कॉलेज कुठल्या गावात, तिने पाहिलेलं नाही.
अडीच वर्षं शिकते आहे तळहाताएवढ्या काचेवर,
दवाखान्याच्या लिफ्टमध्ये, स्टुलावर, रात्रपाळीत,
तळमजला ते चौथा, चौथा ते तळमजला.
मधल्या मजल्यांवर सर गप्प होतात, तोंड उघडं ठेवून.

म्हणून रविवारी, धुक्यात, वाचनालयाचं कुलूप आठलाच काढलं.
पेपरवाल्यांची टेबलं व्हरांड्यात.
शितोळेकाका भडकले: अठ्ठ्याहत्तर सालापासून
मी या खुर्चीवर बसतोय.
म्हटलं, काका, आज खुर्चीची परीक्षा आहे.
मफलर आवळून गेले बाहेर, शब्दकोडं घेऊन.

चारी भिंतींचे फोटो पाठवले. टेबलाखालचाही.
कपाटांवर चादरी टाकल्या, माझ्या घरच्या,
एक निळी, तिला इस्त्रीचा डाग.
तिचा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये, शिक्क्यांशेजारी.
ओळखपत्र पाहिलं. चेहरा पाहिला. पुन्हा ओळखपत्र.
फोटोतली बाई घाबरलेली नव्हती.
नऊ पन्नासला पासवर्ड उघडला, चौदा अक्षरं,
त्यातलं एक शून्य की ओ, हे कळेपर्यंत
जानेवारीत दोघींना घाम.

मग काही नाही.

काही नाही म्हणजे तीन तास.
दोन बोटांची टकटक. तेवढीच तिला येतात, मुलीने शिकवलेली.
एकतीस वर्षं मी या खोलीत
मागेल त्याला काढून देत आले,
न मागणाऱ्यालाही, घरी नेऊन.
साडेअकराला तिने वर पाहिलं. ओठ हलले.
घसारा असणार, त्यावर ती महिनाभर अडली होती.
घसाऱ्याचं पुस्तक तिसऱ्या कपाटात,
खालून दुसरा कप्पा, कापडी बांधणी,
मला चादरीतून दिसत होतं.
मी घड्याळाकडे बघितलं.
इतकी कोरडी मी सख्ख्या जावेशीही वागलेली नाही.

बारा पाचला वीज गेली. इन्व्हर्टर गुरगुरला, पडदा टिकला.
तिने हात काखेत घालून बोटं ऊब घेऊन आणली.

एकला फॉर्म भरायला घेतला.
परीक्षार्थीशी नाते: नाही.
हे सकाळीच लिहिलं होतं, शाई वाळून गेलेली.
खाली, विशेष नोंद.
बारा वीसला धुकं फाटलं, ऊन थेट तिच्या पडद्यावर,
अक्षरं दिसेनात. मी उठून खिडकीत उभी राहिले,
चाळीस मिनिटं, आडवी सावली धरून,
पाठ तिच्याकडे. म्हणजे देखरेख सुटली खरी.
सत्तावीसात याचा उल्लेख सापडला नाही.
लिहिलं: काही नाही.

जाताना तिने पिशवीतून गजक काढली, मुरैनाची.
नियम एकोणीस: भेटवस्तू घेऊ नये.
ती पुडा टेबलावर विसरून गेली.
शितोळेकाका आत आले, थेट खुर्चीत,
पुडा फोडला, चादरींकडे बघत खाल्लं.
झाली का पास?
महिन्याने कळेल, म्हटलं.
हं, म्हणाले. बरं, आडवा नऊ, चार अक्षरी…
त्यांचं विचारून व्हायच्या आत
मी सांगून टाकलं.